कंट्रोलर म्हणतो ‘फुल’, आणि रात्री नऊला अंधार: दोष बॅटरीचा, वायरचा की कंट्रोलरचा?

तक्रार ठरलेली असते. घरात सोलर आहे; दुपारी बाराच्या आधीच कंट्रोलरवरचं (सोलर प्लेट आणि बॅटरी यांच्यामधल्या, चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्यावरचं) बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं दिसतं, घरातले निर्धास्त होतात. आणि रात्री जेवणं उरकायच्या आत पंखा, दिवे सगळं एकदम बंद. सकाळी ऊन आलं की पुन्हा सगळं आलबेल. दुकानदार सांगतो, कंट्रोलर गेलाय, नवा घ्या. नवा बसतो, काही दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

ते बरे दिवस फसवे असतात. नवा कंट्रोलर बसवताना वायरींची टोकं नव्याने सोलली जातात, स्क्रू नव्याने आवळले जातात, आणि सुधारणा त्याने झालेली असते. श्रेय मात्र नव्या डब्याला मिळतं.

मी राजापूर-लांजा पट्ट्यात वाड्यांवरच्या लहान सिस्टिमची कामं करतो: एक-दोन प्लेटा, एक ट्यूबलर (पाणी घालायची, शिसे-ॲसिडची) बॅटरी, १०-२० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम (प्लेट थेट बॅटरीला जोडत-तोडत चार्ज करणारा) कंट्रोलर, चार दिवे, एखादा डीसी पंखा, मोबाइल चार्जिंग. २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी जे २०० ते ३०० वॅटचे संच ठरले होते (पाच एलईडी, एक डीसी पंखा, एक प्लग), त्यांचा साचाही हाच. त्यांना पाच वर्षांची देखभाल होती; सुरुवातीच्या संचांची ती केव्हाच संपली, त्यामुळे आता दुरुस्ती ज्याची त्याने बघायची. पुढचं सगळं अशा १२ व्होल्टच्या घरगुती मांडणीबद्दल आहे. छतावरच्या नेट मीटरवाल्या सिस्टिमला यातलं फारसं लागू नाही.

कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही

कंट्रोलरला बॅटरी किती भरली हे कळत नाही. त्याला फक्त स्वतःच्या दोन स्क्रूंवरचा व्होल्टेज कळतो. त्या स्क्रूपासून बॅटरीच्या शिशाच्या टोकापर्यंत वायर आहे, लग (वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कड्या) आहेत, मध्ये कुणी एमसीबी घातलाय, कुठे पिळून टेप मारलेला जोड आहे. या सगळ्यात जितका व्होल्टेज पडतो, तितकं कंट्रोलरचं वाचन चुकतं.

एका सुपारीच्या बागेतल्या घराचं उदाहरण देतो. बॅटरी मागच्या पडवीत, कंट्रोलर माजघरात जुन्या मीटर बोर्डाशेजारी. मध्ये अंतर पाचेक मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर वायर, आणि ती दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची). घराच्या फिटिंगमधली उरलेली असणार. सकाळी अकराच्या सुमाराला ८ अँपिअर करंट चालू होता. कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर मीटर लावला: १४.४. पडवीत जाऊन थेट बॅटरीच्या टोकांवर लावला: १३.३.

हिशेब सोपा आहे. दीडच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स १०० मीटरला साधारण १.३ ओहम. दहा मीटरला ०.१३. त्यातून ८ अँपिअर गेले की एक व्होल्ट वाटेतच जातो. वरचा ०.१ व्होल्ट एका हिरवट पडलेल्या लगने खाल्ला होता.

१४.४ दिसले की कंट्रोलरला वाटतं बॅटरी भरत आली, आता हात आखडता घ्या. तो करंट कापायला लागतो. करंट कमी झाला की वायरमधला व्होल्टेज-पातही कमी होतो, म्हणजे दिवस मोठा असता तर बॅटरी कधीतरी भरली असती. पण बहुतेक कंट्रोलर हा टप्पा दोनेक तास चालवतात आणि मग १३.७-१३.८ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवायच्या व्होल्टेजवर, उतरतात. दुपारी एकला, ऐन उन्हात, प्लेटा जवळपास रिकाम्या बसतात आणि पडद्यावर ‘फुल’. त्या घरातल्या आजी विचारत होत्या, “दिवसभर तापतंय एवढं, मग वीज जाते कुठं?” कुठेच जात नव्हती. घेतलीच जात नव्हती.

रात्री तीच वायर उलट्या बाजूने फसवते. आता करंट बॅटरीकडून कंट्रोलरकडे येतो, म्हणून कंट्रोलरला व्होल्टेज खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पंखा, दिवे आणि छोटा टीव्ही मिळून ५ अँपिअर ओढत असतील तर ०.६-०.७ व्होल्ट वाटेत. बॅटरीच्या टोकावर ११.७ असताना कंट्रोलर ११.१ वाचतो आणि लोड, म्हणजे दिवे-पंख्याची लाइन, तोडतो. म्हणजे सकाळी लवकर ‘भरली’ आणि रात्री लवकर ‘संपली’, दोन्ही एकाच वायरमुळे. अशा घरात कंट्रोलर कितीही बदला, काय फरक पडणार?

उपाय: कंट्रोलर उचलून बॅटरीच्या जवळ, हाताच्या अंतरावर आणा, आणि मधली वायर सहाची टाका. जाऊन-येऊन दोन मीटर सहाच्या वायरमध्ये ८ अँपिअरला व्होल्टच्या विसाव्या हिश्शाइतकाच पात होतो. लांब वायर ठेवायचीच असेल तर ती प्लेट ते कंट्रोलर या बाजूला ठेवा. तिथे पीडब्ल्यूएममध्ये प्लेटच्या १८ व्होल्टपैकी एखादा व्होल्ट गेला तरी बिघडत नाही, कारण बॅटरीला लागतात तेवढे तरीही उरतात. जवळ आणा म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर टांगा असं मात्र नाही. चार्ज होताना ट्यूबलरमधून हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ निघते. बाजूच्या भिंतीवर, थोडा वरच्या अंगाला लावा.

तीन मापं, एकाच वेळी

वायर हे कारण सर्वांत जास्त दिसतं, पण ते गृहीत धरू नका. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. स्वच्छ उन्हात, चार्जिंग चालू असताना, पाठोपाठ तीन ठिकाणी मोजा: कंट्रोलरचं प्लेट टर्मिनल, कंट्रोलरचं बॅटरी टर्मिनल, आणि बॅटरीची टोकं. बॅटरीवर मीटरची पिन थेट शिशाच्या खांबावर टेकवा, वरच्या क्लँपवर नाही. खांब आणि क्लँप यांच्यामध्येच पांढरा-हिरवा थर असतो आणि चोर बहुतेकदा तिथेच बसलेला असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मापात ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर वायर, लग, फ्यूज, एमसीबी. कुठे पडतोय ते शोधायला मीटरची एक पिन वायरच्या एका टोकाला, दुसरी त्याच वायरच्या दुसऱ्या टोकाला लावा. जो तुकडा आकडा दाखवेल तो दोषी. एमसीबीवरून असंच मोजा. घरातल्या एसीचे एमसीबी डीसीला लावायची रीत आहे, पण ती रीत चांगली नाही: डीसीची ठिणगी त्यांना नीट तोडता येत नाही, आत काळं पडतं आणि तिथे अर्धा व्होल्ट सहज जातो.

पहिलं माप कंट्रोलरची परीक्षा घेतं. पीडब्ल्यूएम कंट्रोलर बॅटरी भरत असताना प्लेट सरळ बॅटरीला जोडून देतो, म्हणून प्लेट टर्मिनलवर बॅटरीच्या आसपासच, जेमतेम अर्धा व्होल्ट जास्त, इतकाच आकडा यायला हवा. बॅटरी १२.३ वर आहे, भर दुपार आहे आणि प्लेट टर्मिनलवर २०-२१ दिसतात, तर कंट्रोलर प्लेटेला आत घेतच नाहीये. आधी त्याची सेटिंग बघा, ती ठीक असेल तर आतला मॉसफेट (प्लेट जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेला. याच्या उलट, बॅटरी १५ च्या वर गेली, बुडबुड आवाज येतोय आणि तरी दोन्ही टर्मिनल एकाच आकड्यावर, तर मॉसफेट शॉर्ट झालाय. तेव्हा विचार करत बसू नका, प्लेट सोडवा.

याच मापाने आणखी एक गोष्ट उघडी पडते. बाजारात स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांवर ‘एमपीपीटी’ छापलेलं असतं. खरा एमपीपीटी, म्हणजे प्लेटमधून जास्तीत जास्त वॅट काढणारा कंट्रोलर, ३६ सेलच्या प्लेटला १७-१८ व्होल्टवर धरून ठेवतो. चार्जिंग चालू असताना प्लेट टर्मिनलवर १३ दिसले, तर छापलंय काहीही, आत पीडब्ल्यूएमच आहे. १०० वॅटच्या छोट्या प्लेटला त्याने फार बिघडत नाही. पण कुणी छतावरची ३३० वॅटची ७२ सेलची प्लेट स्वस्तात मिळाली म्हणून आणली असेल तर बिघडतं. ती ९ अँपिअरच्या आत-बाहेर देते, आणि १३ व्होल्टला ते होतात सव्वाशेच्या आसपास वॅट. उरलेले दोनशे वाया. शिवाय तिचा मोकळा (काहीच न जोडता मोजलेला) व्होल्टेज ४५ च्या वर जातो, आणि काही स्वस्त कंट्रोलरची १२ व्होल्ट मांडणीतली मर्यादा २५ च असते. डब्याच्या मागची चिठ्ठी वाचल्याशिवाय ती प्लेट जोडू नका.

बॅटरी खरंच भरते का?

मापं जुळली, वायर जाड आहे, तरी रात्री अंधार. मग बॅटरीकडे वळा. कंट्रोलरने दिवे तोडल्यावर, लोड बंद असताना, पंधरा-वीस मिनिटांनी टोकांवर मोजा. ११.६-११.७ च्या आसपासच रेंगाळत असेल तर बॅटरी खरंच रिकामी झालीय: एक तर भरत नाही, नाहीतर वापर जास्त आहे. झटकन १२.५ च्या वर जाऊन बसली आणि लोड लावताच धाडकन खाली आली, तर बॅटरीची ताकद संपली. अशा घरात दिवे जातात-येतात, जातात-येतात, कारण ११.१ ला तुटलेला लोड बरेच कंट्रोलर १२.६ ला परत जोडतात आणि मेलेली बॅटरी मोकळी ठेवली की तो आकडा गाठते.

ट्यूबलरला खरं उत्तर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, देतो. आपल्याकडच्या ट्यूबलर भरल्यावर १.२४० च्या आसपास असतात. सेलचा स्थिर व्होल्टेज साधारण या आकड्यात ०.८४ मिळवून येतो: २.०८, सहा सेलचे १२.५. म्हणजे शांत बसलेली, पूर्ण भरलेली ट्यूबलर १२.५ दाखवते. इंटरनेटवरच्या तक्त्यांत १२.७ असतं, ते वेगळ्या ॲसिडच्या बॅटऱ्यांचं. ते तक्ते वाचून चांगल्या बॅटरीला ‘८० टक्केच भरते’ म्हणून बाद करणारे लोक भेटतात.

सहाही सेल वेगवेगळे तपासा. सगळे १.१७०-१.१८० असे सारखेच खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे, वाचण्याची आशा आहे. पाच सेल १.२३० आणि एक १.१२०, तर तो सेल गेला. त्याची बाहेरून दिसणारी खूण: या बॅटरीला पाणी सारखं लागतं. एक सेल बसला की १४.४ गाठायला उरलेल्या पाचांना प्रत्येकी जवळपास २.९ व्होल्ट सोसावे लागतात, ते उकळतात. मग ती बॅटरी बदलायचीच.

उपाशी बॅटरीचं कारण कोकणात विचारावं लागत नाही. जून ते सप्टेंबर ऊन नसतं, लोड मात्र तोच. चार महिने अर्धी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं. गणपतीनंतर ऊन पडतं, कंट्रोलर अर्ध्या तासात १४.४ दाखवतो आणि हायड्रोमीटर १.१६० वर. वायर चांगली असूनही खोटं ‘फुल’ मिळण्याचं हे दुसरं कारण. पाण्याच्या ट्यूबलरला कंट्रोलरमध्ये इक्वलायझिंगची (मुद्दाम जास्त व्होल्टेजवर चार्ज करून सगळे सेल सारखे करण्याची) सेटिंग असेल तर १४.८ पर्यंत चालवून बघा, डिस्टिल्ड वॉटर पुरेसं असल्याची खात्री करून. किंवा गावात लाइट असलेल्या घरी चार्जरवर दोन दिवस कमी करंटने लावा. बऱ्याच बॅटऱ्या सुधारतात, सगळ्या नाहीत. सीलबंद आणि जेल बॅटरीला इक्वलायझिंग कधीही देऊ नका. गेलेलं पाणी परत घालता येत नाही.

आणि कधी कधी दोष कशातच नसतो, हिशेबच जुळत नसतो. १०० वॅटची प्लेट चांगल्या दिवशी साडेपाच अँपिअरने पाचेक तास देते, म्हणजे २५-२७ अँपिअर-तास. २५ वॅटचा पंखा आठ तास आणि ७ वॅटचे चार दिवे पाच तास लावले की २८ गेले. त्यात टीव्ही आला की रोज थोडी थोडी उधारी. विक्रेते यावर मोठी बॅटरी सुचवतात. १०० वॅटच्या प्लेटला १५० अँपिअर-तासाची बॅटरी लावलेली मी बरीच घरं बघतो. त्या बॅटरीला नीट भरायला १५ अँपिअर लागतात, मिळतात साडेपाच. इथे पैसे प्लेटेत घालायला हवे होते.

प्लेटेची बाजू

इथे लोक फसतात ते व्होल्टेजने. प्लेटेवर शेवाळ असो, झावळीची सावली असो, मोकळी प्लेट २० व्होल्ट दाखवतेच; सकाळी सातलाही दाखवते. करंट बघायला हवा. एकच १०० वॅटची प्लेट कंट्रोलरपासून पूर्ण सोडवा, पोत्याने झाका, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून दोन टोकं जोडा आणि मग पोतं काढा. दुपारच्या स्वच्छ उन्हात साडेपाच-सहा यायला हवेत. तीन आले तर सावली, घाण किंवा जोड. दोन-तीन प्लेटा समांतर असतील तर हे असं करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. डीसी मोजणारा क्लँप मीटर वापरा. इलेक्ट्रिशियनकडचा नेहमीचा टाँग टेस्टर बहुधा एसीचाच असतो, तो इथे शून्य दाखवतो आणि ‘प्लेट मेली’ असा निष्कर्ष निघतो.

मोकळी प्लेट २१ ऐवजी ११ च्या आसपास दाखवत असेल तर मागच्या डबीत बघा. ३६ सेलच्या प्लेटेत सहसा दोन बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा देणारे) असतात, प्रत्येकी १८ सेलवर. वीज पडल्यावर एक शॉर्ट झाला की अर्धी प्लेट गायब, आणि ११ व्होल्टने १२ ची बॅटरी भरणार कशी? डायोड स्वस्त असतो. डबी उघडलीच तर मुंग्यांचं आणि कुंभारमाशीचं घरही साफ करा.

कंट्रोलर खरंच दोषी असतो तेव्हा

समुद्राच्या हवेत डबा लवकर सडतो. त्याहून लवकर पाल आत शिरते. रात्री गरम जागा शोधत खालच्या फटीतून जाते आणि सकाळी सर्किटवर चिकटलेली सापडते. फटींना बारीक जाळी लावा, पण हवा अडवू नका; मागची उष्णता बाहेर टाकणारी पन्हळी उभी ठेवून वर-खाली वीतभर मोकळी जागा सोडा.

जोडणीचा क्रम हे मात्र डब्याला विनाकारण बदनाम करणारं मोठं कारण. आधी बॅटरी, मग प्लेट, शेवटी लोड, सोडवताना उलट. १२/२४ आपोआप ओळखणारा कंट्रोलर चालू होताना जो व्होल्टेज बघतो त्यावर ठरवतो. प्लेट आधी लावली की त्याला २१ दिसतात, तो स्वतःला २४ चा समजतो. मग १२ ची बॅटरी त्याला कायम रिकामीच वाटते: दिवे लागतच नाहीत आणि चार्जिंग थांबतच नाही. सगळं सोडवून क्रमाने जोडलं की ठीक होतो. असे कंट्रोलर भंगारात गेलेले मी पाहिलेत.

दुसरी चूक वायरमनची. घराच्या सवयीने तो सगळ्या काळ्या वायरी एकत्र करून ‘कॉमन’ काढतो. पण बरेच स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर तोडजोड निगेटिव्हमध्येच करतात, त्यांचा पॉझिटिव्ह आतून एक असतो. निगेटिव्ह बाहेर जोडले की लोड कधी तुटतच नाही आणि प्लेटही कधी सुटत नाही. बटण दाबून लोड बंद केला तरी दिवा चालूच, ही त्याची खूण. बॅटरी रात्री तळाला जाते आणि दिवसा उकळते.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर लावू नका. ६०० व्हीएचा इन्व्हर्टर भरात ५० अँपिअर ओढतो, टर्मिनल २० चं. तो थेट बॅटरीवर, जवळच फ्यूज टाकून. मात्र मग कंट्रोलर त्याला अडवणार नाही. इन्व्हर्टर स्वतः तोडतो तो साडेदहा व्होल्टच्या आसपास, आणि रोज तिथपर्यंत गेलेली ट्यूबलर लवकर म्हातारी होते. हाताने वेळेत बंद करायची सवय लावावी लागते.

लिथियम घेतली असेल तर कंट्रोलरमध्ये लिथियमचा पर्याय आहे का ते आधी बघा. इक्वलायझिंग बंद, तापमानानुसार व्होल्टेज बदलणं बंद, वरची मर्यादा १४.४. ही बॅटरी बराच वेळ १३.२-१३.३ वरच बसून असते, त्यामुळे चित्रातल्या कांड्यांना काही अर्थ राहत नाही. आतल्या बीएमएसने (लिथियम बॅटरीतल्या संरक्षण सर्किटने) तोडलं की टोकांवर शून्य दिसतं, पण बॅटरी मेलेली नसते. १४ व्होल्टच्या आसपासच्या लिथियम चार्जरने बहुधा जागी होते. दिवसा चार्जिंग चालू असताना बीएमएसने तोडलं तर काही कंट्रोलर प्लेटेचे २० व्होल्ट क्षणभर लोडवर सोडतात आणि घरातले एलईडी एकदम जातात. दिवे असे एकाच दिवशी गेले असतील तर दिव्यांच्या कंपनीला शिव्या देण्याआधी कंट्रोलरची वरची मर्यादा १४.२ करून बघा.

काम करताना हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पान्याला टेप गुंडाळा. बॅटरीच्या दोन खांबांवर पाना आडवा पडला तर तो तिथेच वितळून चिकटतो. ॲसिड हाताला लागलं तर भरपूर पाणी, जमिनीवर सांडलं तर खायचा सोडा. टोकं गरम पाणी आणि सोड्याने धुऊन, पूर्ण सुकवून, आवळून झाल्यावरच वरून व्हॅसलीन लावा. आधी लावून मग आवळलं तर जोडाच्या आत थर अडकण्याची भीती राहते.